न निवडता घ्यायचा ढीग

बाकोसच्या बाजारात टोमॅटोवाला नेहमीसारखा ओरडत होता, "वेडा झालाय, टोमॅटो वेडा झालाय!" भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा, म्हणून या गावात टोमॅटोला वेडाच म्हणतात. अफाफ त्याच्या गाड्यापाशी उभी राहून त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करत होती. डिसेंबरातलं कासिमचं वादळ तोंडावर आलंय, समुद्र कालपासून घुमतोय, असल्या दमट हवेत म्हातारीने जिना चढउतार करू नये, असं ती सांगत होती आणि तो माना डोलावत होता. बोलणं असं रंगात आलेलं असताना त्याने एकाएकी भावाच्या पाटीचा पुठ्ठा उचलला आणि तिच्या हाताच्या आणि ढिगाच्या मधे आडवा धरला. "हाजीणबाई, हा ढीग न निवडता घ्यायचा. निवडायचं तर तो पलीकडचा, त्याचा भाव वेगळा." अफाफ म्हणाली, "मी कुठे निवडतेय?" तिला खरंच तसं वाटत होतं. तो हसला. "तुम्ही नाही हो. तुम्ही तर माझ्या आईबरोबर जिन्यात आहात. तुमचा हात निवडतोय!" शेजारी कोथिंबीर बघत असलेल्या दोन बायका खुदकन हसल्या. अफाफने पिशवीत पाहिलं. पिशवीतला एकूण एक टोमॅटो घट्ट, लालबुंद, देठाशी हिरवा ठिपकासुद्धा नसलेला होता. ढिगात मात्र तिच्या बाजूला खड्डा पडला होता आणि त्या खड्ड्यात फुटके, पिवळट, एका अंगाने बसलेले टोमॅटो उघडे पडले होते. "परत ओत," ती म्हणाली. तो म्हणाला, "राहू द्या बाई. नेहमीचंच आहे." हे शेवटचं त्याने बोलायला नको होतं. तिने पिशवी गाड्यावर उलटी केली, त्याने ओंजळीने जे येईल ते भरलं, आणि ती पैसे देऊन ट्रामकडे चालू लागली तेव्हा तिचे कान तापले होते.

टोमॅटोसाठी एवढी लाज? ती ट्राममधे खिडकीशी बसली आणि स्वतःलाच दटावत राहिली. साठीला टेकलेली बाई, संशोधन संस्थेतली प्राध्यापक, कैरोच्या परिषदेत जिच्या नावाने लोक खुर्च्या ओढून पुढे बसतात, ती एका भाजीवाल्याच्या पुठ्ठ्यापुढे पोरीसारखी लाल होते. पण छाती काही ऐकत नव्हती. आत काय चाललंय हे तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्या डब्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. लाजेने रक्तात अॅड्रेनालीन उतरलेलं आहे. हृदयाच्या स्नायूच्या प्रत्येक पेशीत एक एन्झाइम जागं झालेलं आहे. पेशीच्या कातडीला कॅल्शियमची बारीक बारीक दारं असतात. त्या दारांना अडवून बसलेल्या एका प्रथिनाला हे एन्झाइम फॉस्फेटचे ठिपके लावतं, प्रथिन बाजूला सरतं, दारं सैल होतात, कॅल्शियम आत घुसतं आणि ठोका जोराचा पडतो. मग दुसऱ्या जातीचं एन्झाइम यावं आणि त्याने ते ठिपके पुसावेत, म्हणजे दारं पुन्हा जड होतात आणि माणूस शांत होतो. एकाने लावायचं, दुसऱ्याने पुसायचं, जन्मभर हाच संसार. तिने आयुष्य घालवलं ते या पुसणाऱ्याच्या मागे. ट्राम सिदी गाबरचा थांबा सोडून पुढे गेली तरी आज तिचा पुसणारा काही कामावर आलेला नव्हता. मांडीवरच्या पिशवीतून एक टोमॅटो गळायला लागला होता, आणि "नेहमीचंच आहे" हे वाक्य डोक्यात पुन्हा पुन्हा फिरत होतं. म्हणजे त्याला कधीपासून दिसत होतं. वर्षानुवर्षं तो बघत होता आणि बाईमाणूस म्हणून, शिकलेली म्हणून, कदाचित आईच्या गुडघ्यांसाठी म्हणून, गप्प बसत होता.

हात आईचा होता, यात शंका नाही. आई भेंडी घ्यायची तेव्हा भाजीवाल्याच्या डोळ्याला डोळा लावून त्याच्या पोरांची नावं विचारायची, आणि खाली अंगठा एकेक टोक मोडून बघत असायचा. मोडलेलं टोक कोवळं निघालं तर भेंडी पिशवीत, राठ निघालं तर मोडकीच परत ढिगात, दुसऱ्या कुणाच्या तरी नशिबात. "नजर माणसावर ठेवायची आणि हाताला त्याचं काम करू द्यायचं," असं आई म्हणायची, आणि दोघी बहिणींना तिने हे शिकवलं होतं. घरात पाहुणे यायचे तेव्हाही तो हात तसाच चालायचा. धाकटी नेव्हीन गोरी, ती बैठकीत. अफाफ सावळी आणि हुशार, तिने सरबताचा ट्रे दारापर्यंत आणायचा आणि नेव्हीनच्या हातात द्यायचा. आईने कधी तोंडाने काही सांगितलं नाही. फक्त हलका हात पाठीला लागायचा, एकीला आत ढकलणारा आणि एकीला मागे ठेवणारा, आणि तोंडाने ती पाहुण्यांच्या प्रवासाची विचारपूस करत असायची. दाराच्या फटीतून दिसणारी बैठकीतल्या कोचाची सोनेरी किनार अफाफला अजून आठवते. आपण मागे ठेवलेल्यांतल्या आहोत हे कळायला तिला वेळ लागला नव्हता. कळल्यावर ती अभ्यासाला लागली आणि पुढे सगळ्या जगाला ती सांगत आली, की विज्ञानात असं नसतं, तिथे जे आहे ते दिसतं, तिथे कुणी पाठीला हात लावत नाही.

ट्राम क्लिओपात्राला रेंगाळली. तिला बसल्या जागी तिचा स्वतःचा उजवा हात दिसत होता, पिशवीच्या तोंडाशी आवळलेला, अंगठ्यावर टोमॅटोचा चिकट रस. हाच हात मायक्रोस्कोपच्या शेजारच्या, सुई सरकवायच्या खटक्यावर असतो. मुद्दाम आजारी पाडलेल्या उंदराचं हृदय नळीला टांगतात, त्यातून पेशींमधली चिकटण विरघळवणारं दुसरं एक एन्झाइम सोडतात, हृदय भिजल्या पावासारखं मऊ पडतं, आणि हलवलं की पेशी सुट्या होऊन डिशमधे पडतात. निम्म्याहून जास्त मरतात, गोळा होऊन पडतात. ज्या जगतात त्या तांदळाच्या दाण्यासारख्या लांबट, अंगावर आडवे पट्टे. त्यातल्या एकीवर काचेची सुई टेकवायची आणि तिच्या दारांतून किती कॅल्शियम जातं ते पडद्यावर पाहायचं. मेलेली टाळून जिवंत घ्यायची, एवढी निवड सगळेच करतात, तिला कुणी नाव ठेवत नाही. पण एका डिशमधे पुसणाऱ्या एन्झाइमला रोखणारं औषध असतं आणि दुसरीत नसतं. औषधाने दारं जास्त उघडतात, हेच तर तिने जगाला दाखवलं होतं. आणि औषधाच्या डिशमधे तिने आजवर कोणत्या जिवंत पेशी घेतल्या? कडा धारदार, पट्टे ठसठशीत, अशा. बिनऔषधाच्या डिशमधे? तिथे तिला जरा मरगळलेली दिसली की ती म्हणायची, ही खरी आजारी पेशी, हिच्यावर घेऊ. ती हे म्हणायची, मोठ्याने, शिकवताना, आणि तिला ते शहाणपणाचं वाटायचं. कुठल्या डिशमधे काय आहे हे तिला माहीत असायचं, कारण पेशी थोड्याच तासांत मरतात, घाई असते, डिशवरच्या चिठ्ठ्या झाकत बसायला कोणाला वेळ आहे. रऊफ, तिच्या शेजारच्या खोलीतला, एकदा चहा पिताना म्हणाला होता, "अफाफ, एकदा चिठ्ठी झाकून करून बघ की. तू पेशी बघतेस म्हणजे सासू सून बघते तशी बघतेस. दारातून आत येईपर्यंत निकाल लागलेला!" सगळे हसले होते. तिने कप खाली ठेवला होता आणि पुढे कितीतरी दिवस रऊफशी कामापुरतंच बोलली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच का? पण तिच्या मनात तेव्हा चांदणं नव्हतं, लख्ख ऊन होतं. ती चोर नव्हती. तिचा हात होता.

आणि युस्तीना. हे नाव ती बाजारापासून टाळत आली होती. युस्तीना तिची विद्यार्थिनी, मोहर्रम बेकमधल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी, कोप्टिक ख्रिस्ती, मनगटाच्या आत क्रूस गोंदलेला. ती दोन वर्षं अफाफचाच प्रयोग पुढे नेत होती आणि दोन वर्षं तिला काही मिळत नव्हतं. औषध घाला, न घाला, दारं तेवढीच उघडायची. पहिल्यांदा अफाफने द्रावणं बदलायला लावली, मग उंदीर, मग सुईची काच. शेवटी एका बैठकीत, सगळ्यांसमोर, ती म्हणाली होती, "युस्तीना, दोष पेशीत नाही बाळ, हातात आहे. काही हातांना जिवंत गोष्ट सोसत नाही." हे वाक्य तिला सुचलं तेव्हा तिला ते थोडं आवडलंही होतं. त्या दिवसापासून ती मुलगी बोलताना हात टेबलाखाली ठेवायची. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने तिला बोलावलं होतं, निकाल हाती आला तर. आणि निकाल येत नव्हता. आता ट्राममधे, पिशवीतल्या फुटक्या टोमॅटोंकडे बघताना, अफाफला स्पष्ट दिसत होतं, की युस्तीना त्या ढिगातून न निवडता घेत होती. समोर येईल ती जिवंत पेशी, कारण तिला वाटायचं निवडणं म्हणजे लबाडी. निवडलेल्या ढिगाचा भाव लावून बसलेली बाई तिच्यावर ओरडत होती, की तुझे टोमॅटो खराब का. धरणी दुभंगली असती तर अफाफ त्या क्षणी पिशवीसकट आत गेली असती. धरणी असलं काही करत नाही. ट्राम थांबली आणि उतरावं लागलं.

आज सांगायचं, असं ठरवूनच ती संस्थेचा जिना चढली. काय सांगायचं तेही जमवलं होतं: की तुझी मापं बरोबर असतील, आपण चिठ्ठ्या झाकून पुन्हा करू. "असतील" हा शब्द तिने जिन्यात दोनदा बदलला आणि तिसऱ्यांदा तोच ठेवला. दार उघडलं तर आत कल्ला. टेबलावर झलाब्यांचं, तळून पाकात बुडवलेल्या गोळ्यांचं, मोठं खोकं, चहाचे ग्लास, रऊफच्या मिशीला पाक. "ये, ये!" तो म्हणाला. "तुझ्या सुनेला दिवस गेले!" युस्तीना पुढे आली. एवढी हसताना अफाफने तिला कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही हात हवेत होते, टेबलाखाली नव्हते. "डॉक्टरबाई, निघालं! काल आणि आज, दोन्ही दिवस! औषधाच्या डिशमधे दारं अशी उघडली, अशी, तुमच्या आलेखात आहेत तश्शी!" तिने एक झलाबी काडीला टोचून अफाफच्या तोंडाशी धरली. "घ्या ना. आमच्या नाताळाआधीच्या उपवासाची आहे, तूप नाही, तेलातली. माझ्यासाठी सगळ्यांना उपवास."

"कसं काय निघालं?" अफाफने विचारलं. तोंडात गोड होतं म्हणून आवाज बरा निघाला.

"माझंच चुकत होतं. मी वेडी, समोर येईल ती पेशी घ्यायची. गेल्या आठवड्यात तुम्ही करत होतात तेव्हा मी मागे उभी होते ना, मी पडद्याकडे बघतच नव्हते, तुमच्या हाताकडे बघत होते. तुम्ही किती जणींवरून पुढे जाता! थांबता, पुढे जाता, परत येता. म्हटलं, ही नजर आहे, ही शिकायची गोष्ट आहे. मग मीही तसंच करायला लागले." ती हसली आणि तळवे उघडून दाखवत म्हणाली, "आणि मी काय करत बसले होते माहितीये? आईने मला वाळवंटातल्या मठात नेलं, संत मार मीनाच्या. तिथल्या पाद्र्याला, अबूनाला, सांगितलं, बापा, माझ्या हातांना जिवंत गोष्ट सोसत नाही. त्यांनी दोन्ही हातांना तेल लावून प्रार्थना म्हटली. परत येताना बसमधे मी तीन तास हात असे धरून बसले होते, तेल पुसू नये म्हणून. शेजारच्या बाईला वाटलं, पोरगी भीक मागतेय!"

सगळे खो खो हसले. रऊफ म्हणाला, "तेल लागू पडलं म्हणायचं!" आणि अफाफच्या तोंडून, पाकाने चिकटलेल्या तोंडून, "मबरूक" निघून गेलं. मबरूक, युस्तीना, अभिनंदन. तिने आणखी एक झलाबी घेतली. पुढे पुष्कळ दिवस तिला सगळ्यात जास्त छळलं ते याने, की तिने दुसरीही घेतली.

स्वतःच्या खोलीत येऊन तिने दार लावलं. खिडकीबाहेर वारा सुटला होता आणि कुणाच्या तरी गच्चीवरची डिश अँटेना खडखडत होती. गप्प बसायचं असेल तर काही करायलाच नको होतं, हा गप्प बसण्याचा मोठाच सोयीचा भाग. पोरगी खूष आहे. आई शिवणयंत्रावरून उठून शेजारपाजाऱ्यांना सांगेल. जर्मनीला जाईल. आपण आणखी थोड्या वर्षांत निवृत्त. आणि कोण जाणे, औषध खरंच लागू पडत असेल, थोडंसं. निवडीने ते नुसतं ठळक झालं असेल. फोटो काढताना बाई जरा उजेडाकडे तोंड करते, तेवढंच. ही शेवटची उपमा सुचली आणि तिला आईची आठवण आली, पाठीला लागणारा हलका हात. युस्तीनाच्या पाठीला तिने हात लावला होता. आधी मागे ठेवायला आणि आता आत ढकलायला, आणि दोन्ही वेळा तोंडाने भलतंच बोलत. त्या मुलीकडे एकच गोष्ट होती जी या अख्ख्या मजल्यावर कुणाकडे नव्हती, न निवडणारा हात. आणि तो बिघडवूनच अफाफने तिला पेढे, म्हणजे झलाब्या, वाटायला लावल्या. जर्मनीत पहिल्याच आठवड्यात कुणीतरी चिठ्ठ्या झाकील. तिथे झाकतातच. मग दारं तेवढीच उघडतील, आणि ती पुन्हा हात टेबलाखाली घेईल, परक्या देशात, आणि तिथे तेल लावायला अबूना नसेल. अफाफला आपल्या छातीतला ठोका कानात ऐकू येत होता. लाव ठिपके, ती त्या एन्झाइमला म्हणाली, लाव किती लावायचे ते. मग उठून तिने दार उघडलं आणि हाक मारली.

दुपार झाली होती. रऊफ घरी गेला होता. बाकीचे वादळाआधी बस गाठायला निघाले होते. "दोन डिश आण," अफाफ म्हणाली, "सकाळच्याच पेशींच्या. एकीत औषध, एकीत नाही. चिठ्ठ्यांवर कागद चिकटव, मग डोळे मिटून इकडच्या तिकडे कर, म्हणजे तुलाही कळता कामा नये. मी बसते. तू मागे उभी राहा आणि माझ्या हाताकडे बघ." युस्तीनाला वाटलं बाई आणखी शिकवणार आहेत. तिने आनंदाने सगळं केलं, पदार्थ मांडावेत तसं, आणि एक डिश मायक्रोस्कोपखाली सरकवली.

अफाफने डोळा लावला. पेशी होत्या. काही गोळा झालेल्या, काही लांबट, पट्ट्यांच्या, एक कोपऱ्यात मोडलेली, दोन एकमेकींना टेकलेल्या. पेशीच नुसत्या. खटक्यावर हात होता आणि हात हलत नव्हता. तिला वाटलं होतं हात आपोआप कुठेतरी जाईल आणि त्याला रंगेहात पकडता येईल, पण हात बाजारात अनोळखी गाड्यापाशी उभ्या राहिलेल्या बाईसारखा अडून बसला. कोणती चांगली? कशासाठी चांगली? तिला एकही पेशी चांगली दिसेना की वाईट दिसेना. बराच वेळ गेला. आणि मग तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, सहज, कामात गढलेल्या माणसाचा, रोजचा आवाज: "औषधाचीच ना ही?"

"हो," युस्तीना म्हणाली. म्हणजे मोठ्या माणसाने विचारलं की तोंडातून निघतं तसं हो.

आणि हात निघाला. मोडकीवरून पुढे, टेकलेल्या दोघींवरून पुढे, एकीपाशी थांबून, नाही म्हणून, थेट उजवीकडच्या एका पेशीवर. कडा धारदार, पट्टे ठसठशीत. सुंदर होती. अफाफने डोळा काढला नाही.

"डॉक्टरबाई," युस्तीना हळूच म्हणाली, "मला माहीत नाहीये कुठली ते. मी उगाच हो म्हटलं."

"कागद काढ."

कागद काढताना डिंक सुटल्याचा बारीक आवाज झाला. चिठ्ठीवर युस्तीनाचं नीटस अक्षर होतं. बिनऔषधाची.

अफाफ तशीच वाकून बसली होती, कारण डोळा काढला तर वर बघावं लागलं असतं. लाज म्हणजे तोंड लपवणं, आणि तोंड लपवायला या मायक्रोस्कोपइतकी चांगली जागा तिला उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. शेवटी तिने मान वर केली. युस्तीना चिठ्ठीकडे बघत होती. हुशार मुलगी होती. सगळं तिला सांगावं लागणार नव्हतं.

"मग माझी आधीची मापं," युस्तीना म्हणाली. "दोन वर्षांची."

"बरोबर होती."

"सगळी?"

"तुझा हात चांगला होता. या मजल्यावर तेवढा एकच चांगला होता."

"आणि कालची? आजची?" तिने विचारलं, आणि उत्तर येण्याआधीच तिचा चेहरा उतरत गेला.

"ती माझी आहेत," अफाफ म्हणाली. "तुझ्या हाताने मी घेतलेली. मी लिहीन तसं, सगळ्यांना. आधीच्या माझ्या प्रसिद्ध झालेल्या कामाबद्दलही लिहीन. जर्मनीलाही मीच लिहीन, की मुलीचा दोष नाही, दोष..." तिथे ती अडली. किती बोलत होती ती. भाजीवाल्याच्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोलावं तसं बोलत होती. ते सगळं सोडून ती म्हणाली, "मला लाज वाटते, युस्तीना."

युस्तीनाने आपले दोन्ही तळवे वर केले आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली, उजवा, मग डावा, जणू आणून दिलेल्या वस्तू तपासाव्यात. "मी यांना तेल लावून घेतलं, डॉक्टरबाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तीन तास असे धरून बसले होते."

अफाफने खटक्यावरचा आपला हात काढून घेतला.

मग युस्तीनाने डोळे पुसले, मनगटाच्या मागच्या बाजूने, कारण तळव्यांना डिंक होता. "उठा जरा," ती म्हणाली. दोन वर्षांत तिने बाईंना उठा असं कधी म्हटलं नव्हतं. अफाफ उठली. युस्तीना त्या खुर्चीत बसली, दुसरी डिश, म्हणजे आता औषधाचीच, तिने कागदासकट खाली सरकवली, आणि भिंगात एकदाच बघून सगळ्यात जवळ असलेल्या जिवंत पेशीवर सुई टेकवली. कोपरा मोडलेली होती ती, पट्टे पुसट. अफाफ मागे उभी राहिली, युस्तीना इतके दिवस राहायची तिथे, आणि हातांचं काय करावं ते न कळून तिने ते पाठीशी बांधले. पडद्यावर रेघ खाली गेली आणि वर आली. दारं उघडली होती. जेवढी उघडायची तेवढीच. "लिहून घेते," युस्तीना म्हणाली, आणि न थांबता शेजारच्या पेशीकडे वळली.